चार पेले

गेल्या वर्षभरांत आम्हीं शॅम्पेनचे चार पेले रिचविले. सरासरी काढली तर तीन महिन्यांस एक पेला पडतो. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर मद्याविषयीं लिहावयास बसणें हें धाडसच होय. परंतु ज्यानें जन्मांत एक कविता लिहिली नाहीं त्यानें तीस वर्षें काव्यावर व्याख्यानें द्यावींत, असा ज्या पेशाचा रिवाज आहे त्या पेशांतील मनुष्यास तें जड जाऊं नये. शिवाय हे चारही पेले आम्हीं चोरून घेतलेले नसून व्याही, जावई, कुटुंब आणि चौथ्या वेळीं तर प्रत्यक्ष मातोश्री यांच्या समक्ष घेतलेले आहेत. तेव्हां वाचकांनीं दचकण्याचें कारण नाहीं.

आमची कन्या संशोधनासाठीं फ्रान्समधील रँस या शहरीं गेली आणि तेथल्याच एका तरुणाशीं तिचा विवाह ठरला. तिकडील कायद्याप्रमाणें लग्न नगरभवनांत लागतें. तें गेल्या जूनमध्यें लागलें. सह्या होतांच पिवळ्या पट्टीची एक बाटली उघडली गेली. पहिल्या घोटास हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा, मागाहून भाजलेल्या पावाची खरपूस चव, आणि शेवटीं जिभेवर कोरड्या खडूचा भास. हा भास आम्हांस फारच ओळखीचा वाटला, कारण उभा जन्म आमच्या नाकातोंडांत खडूच गेलेला आहे. त्या भागांतील जमीनही खडूचीच. जमिनींतला खडू द्राक्षांत उतरत नाहीं असें शास्त्रज्ञ म्हणतात, म्हणोत बापडे!

आमच्या कुटुंबानें बाटली हातांत घेऊन पट्टीवरील पहिल्या शब्दाचा अर्थ जावयांस विचारला. शब्द होता ‘व्हव्ह’. जावयांनीं सहजपणें सांगितलें, “विधवा.” बाटलीचें नांव ‘विधवा क्लिको’! कुटुंबानें पेला हळूच मेजावर ठेवला आणि आमच्या कानाशीं लागून त्या म्हणाल्या, “अहो, लग्नांत?”

या एका प्रश्नानें आमचा पुढला महिना खाल्ला. बार्ब-निकोल क्लिको ही बाई 1805 सालीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं विधवा झाली. पदरांत एक लहान मुलगी आणि नवऱ्यानें मागें ठेवलेला डळमळता धंदा. तो बंद करावयाचें सासऱ्यांनीं जवळजवळ ठरविलेंच होतें. बाईनें हट्ट धरला आणि त्याच सासऱ्यांनीं पुढें भांडवल घातलें. नेपोलियनच्या युद्धांनीं रशियाची वाट रोखलेली. ती धड मोकळी होण्यापूर्वींच, 1814 सालीं, तिनें एका डच जहाजांतून दहा हजारांवर बाटल्या गुपचूप बाल्टिकच्या किनाऱ्याकडे रवाना केल्या. त्यांत 1811 सालचें, म्हणजे आकाशांत मोठा धूमकेतु दिसला त्या वर्षीचें मद्य होतें. त्या काळीं शॅम्पेन गढूळ असे. बाटलींतच दुसऱ्यांदा आंबविल्यामुळें फेंस येतो खरा, पण किण्वाचा गाळही आंतच राहतो. बाईच्या तळघरांत 1816 च्या सुमारास भोकें पाडलेल्या फळ्यांत बाटल्या तोंडें खालीं करून ठेवूं लागले. त्या रोज थोड्या फिरविल्या कीं गाळ मानेशीं उतरतो आणि बूच काढतांच बाहेर उडतो. आज पेल्यांतून पलीकडचें बोट स्वच्छ दिसतें तें त्या खटाटोपामुळें. इतक्या उठाठेवीनंतर बाईनें आपल्या वैधव्याचें काय केलें? पट्टीवर छापलें!

दुसरा पेला पॉमरीच्या तळघराच्या भेटीचा. एकशेंसोळा पायऱ्या उतरून रोमन काळीं खणलेल्या खडूच्या खाणींत जावें लागतें. जूनमध्येंही आम्हीं शाल सोडली नाहीं. या घराण्याचा कारभार 1858 सालीं लुईज पॉमरी या विधवेच्या हातीं आला, आणि शॅम्पेन सरबतासारखी गोड असण्याच्या त्या दिवसांत हिनें 1874 सालची आपली कोरडी शॅम्पेन बाजारांत आणली. पेला चांगला होता. पण पायऱ्या चढून वर येईपर्यंत आम्ही त्याची चव विसरलों.

तिसरा व्याह्यांच्या घरचा, बॉलँजेचा. हा मात्र विसरणें नाहीं. भारदस्त, अक्रोड आणि ताज्या खारीचा वास, घोट गिळल्यावरही बराच वेळ रेंगाळणारा. ज्या गांवीं ही शॅम्पेन होते त्याचें नांव फ्रेंच लोक ‘आई’ असें उच्चारतात, यानें आम्ही उगाच हळवे झालों. तेथेंही 1941 सालीं, जर्मन अंमलांत, लिली बॉलँजे ही विधवा मालकीण झाली आणि सायकलवर बसून द्राक्षमळे पाहत हिंडली.

“इथें सगळ्या विधवाच कशा?” कुटुंबानें विचारलें. उत्तर फारसें गोड नाहीं. नेपोलियनच्या कायद्यानें नवरा जिवंत असेपर्यंत बायकोस त्याच्या संमतीवांचून करारावर सही करतां येत नसे. ती मोकळीक वैधव्यानेंच मिळे. तेव्हां फ्रान्सची आरती ओवाळण्याचें प्रयोजन नाहीं. पण 1805 सालीं पुण्यांत दुसरा बाजीराव राज्य करीत असतां सत्तावीस वर्षांच्या ब्राह्मण विधवेच्या वाट्यास काय येत होतें, हेंही सांगावयास नको. फार दूर कशास? विधवांच्या बांगड्या फोडूं नयेत असा ठराव कोल्हापूरकडील हेरवाड गांवास 2022 सालीं करावा लागला.

गेल्या डिसेंबरांत मुलीचें वैदिक पद्धतीनें लग्न पुण्यास झालें. आमच्या मातोश्री 2017 पासून विधवा आहेत, वय एकुणऐंशी. आदल्या संध्याकाळीं मुलीनें जूनमधल्या बाटलीच्या बुचावरील पत्र्याची चकती त्यांना दाखविली. तिच्यावर क्लिकोबाईंचें चित्र असतें.

“ही कोण ग?”

“विधवा क्लिको. आजी, बाटलीवर तसंच छापतात.”

मातोश्रींनीं चकती चष्म्याजवळ नेली. बऱ्याच वेळानें त्या म्हणाल्या, “मी माप ओलांडून या घरांत आलें, तेव्हां सगळे लाडू आत्याबाईंनीं वळले होते. पण तीन दिवस मला त्यांचं तोंड दिसलं नाहीं. कोठीच्या खोलींत असायच्या, दार लोटून.” आत्याबाई म्हणजे आमच्या वडिलांच्या आत्या, बालविधवा.

“उद्यां पहिलं औक्षण तूं करायचंस,” मुलगी म्हणाली.

“छे ग. सवाष्णी आहेत ना पांच.”

“मग मी निघायचीच नाहीं कार्यालयांत.”

सकाळीं ती खरोखरच पाटावर बसून राहिली. बाहेर मोटार उभी, मुहूर्त जवळ येत चाललेला, पांच सवाष्णी एकमेकींकडे पाहत उभ्या. शेवटीं आमच्या कुटुंबानें तबक उचलून सासूबाईंच्या हातीं दिलें. त्यांनीं तें घेतलें. निरांजन नातीभोवतीं तीनदां फिरलें. हात थोडा कांपत होता. कुंकवाची पाळी आली तेव्हां त्यांनीं करंडा सुनेपुढें केला, आणि सर्वांनीं कितीही सांगितलें तरी परत हातांत घेतला नाहीं.

रात्रीं, सारें आटोपून घरीं परतल्यावर, जावयांनीं येतांना आणलेली पिवळ्या पट्टीची बाटली उघडली. आमच्याजवळ सरकारचा रीतसर परवाना आहे. मातोश्री समोरच्या खुर्चीवर बसून पेल्यांतून वर चढणारे बुडबुडे पाहत होत्या. घेतां का म्हणून नातीनें विचारलें तेव्हां त्यांनीं आपलें ताक मागविलें. हा चौथा पेला आम्हांस पहिल्याहून किंचित् गोड लागला. जावई म्हणाले, बाटली पुरेशी गार झाली नव्हती.