पंचाहत्तरीची शेवंड

रत्नागिरी म्हटलं, की तुमच्या डोळ्यांपुढे आधी हापूसची पेटी येणार, हे मी धरूनच चालते. मे महिन्यात येणारे पाहुणे टिळकांचं जन्मस्थान पाहतात, थिबा राजाचा राजवाडा पाहतात, रत्नदुर्गावर भगवतीचं दर्शन घेतात आणि आंबे, फणसपोळी, आमसुलं पिशवीत घालून परत जातात. पण मैत्रिणींनो, किल्ल्यावर गेलात तर जरा तटाशी उभ्या राहून खाली नजर टाका. होड्यांची दाटी दिसते ते मिरकरवाडा बंदर. आमच्या गावाचं अर्धं स्वयंपाकघर तिथे चालतं म्हणा ना!

या बंदरावर जायचं ते सकाळी, चांगली साडी नेसून नव्हे नि नवी चप्पल घालून तर मुळीच नव्हे. एकीकडे लिलावाचा गलका, दुसरीकडे बर्फ फोडण्याचे आवाज, मधून पाट्या डोक्यावर घेऊन भराभर चालणाऱ्या बायका. खारवी, गाबीत, भंडारी, दालदी मुसलमान अशा कितीतरी घरांची चूल या पाण्यावर पेटते. पावसाळ्यात जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, की पुन्हा सगळं गजबजतं. बांगडा, सुरमई, कोळंबी, म्हाकूल यांच्या राशी पडतात. शेवंड मात्र राशीत दिसायची नाही. ती एखाद्या पाटीत वेगळी, ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवलेली असते, माहेरवाशिणीसारखी!

शेवंड म्हणजे ज्याला हॉटेलात लॉबस्टर म्हणतात ते. सिनेमात दाखवतात त्या विलायती लॉबस्टरला दोन जाडजूड नांग्या असतात. आपल्या शेवंडीला त्या नसतात. तिला असतात लांबच लांब काटेरी मिशा. अंग हिरवट-करडं, शेपटीच्या प्रत्येक वळीवर फिकट आडवा पट्टा. अशी मिळते ती बहुतेक चिखलाच्या तळाशी राहणारी जात. खडकात राहणारी जात निराळी.

आता ही महागडी पाहुणी आमच्यासारख्या घरी कशी आली, ते सांगते. गेल्या वर्षी आमच्या मामंजींची पंचाहत्तरी झाली. शांतीचा दिवस अर्थातच सोवळ्यातला. वरण-भात, अळूची भाजी, पुरण. दुसऱ्या दिवशी बुधवार होता, म्हणजे तिखटाच्या जेवणाला मोकळीक! मुंबईहून नणंद आणि तिचे यजमान आलेले. मामंजींना विचारलं, काय करू? ते म्हणाले, “शेवंड कर. लहानपणी वडील आणायचे. मग ती बोटीत बसून परदेशी गेली नि आपल्या ताटात काही परत आली नाही.”

बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण खरं होतं. चांगली शेवंड बंदरावरून थेट व्यापाऱ्याकडे जाते. तिथून मोठ्या हॉटेलात, नाहीतर परदेशात. भाव म्हणाल तर एका शेवंडीच्या पैशांत आमच्या घरी आठवडाभर बांगडे येतात. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. त्या पगारातून दोन शेवंडी आणायच्या असं मी ठरवलं. जेवायला आठ माणसं. दोन शेवंडींत आठ ताटं सजवायची, हा खरा प्रश्न होता.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई मासे विकते. तिलाच बरोबर घेतलं. तिनं शिकवलेली पारख लिहून ठेवा. शेवंड जिवंत असेल तर उत्तमच. हातात उचलली की शेपटी पोटाकडे फटकन वळवते. मेलेली असली, पण शेपटी आत वळलेली आणि ताठ असली, तर ती ताजी. शेपटी सैल लोंबत असेल, डोक्याच्या जोडाशी काळसर पडली असेल किंवा नाकात झोंबणारा वास येत असेल, तर फुकट दिली तरी घेऊ नका. शेवंड मेली की तिच्या अंगातले पाचकरस तिचंच मांस सैल करू लागतात. म्हणून ती दुपारपर्यंत थांबत नाही.

पाटीत दोन शेवंडी अंडीवाल्या होत्या. पोटाखाली नारिंगी दाण्यांचा घोस चिकटलेला. मावशी म्हणाली, “ही घे, भरलेली आहे, भावात कमी करते.” बरोबर आलेले मामंजीही म्हणाले, “तीच घे, गाबोळीला चव असते.” ज्यांच्यासाठी सगळा घाट घातला त्यांनाच नाही म्हणायचं, तेही भर बाजारात! पण मी म्हटलं, “मामंजी, या एका घोसात लाखांच्या हिशेबात अंडी असतात. पिल्लं काचेसारखी पारदर्शक, पानासारखी चपटी. कित्येक महिने पाण्यावर तरंगतात, तेव्हा त्यांतली थोडीच तळाला पोचतात. आईच कापली तर उद्या पाटीत काय येणार?” मामंजी गप्प झाले. राग आला की पटलं, कळेना. मग म्हणाले, “बिनअंड्याच्या घे. पण लहान घेऊ नकोस.”

तेही त्यांनी बरोबरच सांगितलं. २००३ साली केंद्र सरकारने निर्यातीसाठी शेवंडीची किमान वजनं ठरवून दिली. चिखलातल्या जातीची अख्खी शेवंड ३०० ग्रॅमपेक्षा कमी भरली तर बाहेर पाठवता येत नाही. परदेशी ताटाला जो नियम, तो आपल्या ताटाला का नको? आम्ही साधारण सातशे ग्रॅमच्या दोन घेतल्या. बायांनो, आपण विकत घेणाऱ्यांनीच अंडीवाली नि पिल्लू नाकारलं, तर पाटीवालीही पुढच्या वेळी तिला वर ठेवणार नाही.

घरी आणल्यावरचा अवघड भाग म्हणजे तिला मारणं. जिवंत शेवंड उकळत्या पाण्यात टाकायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. स्वित्झर्लंडने २०१८ पासून कायद्याने ती बंद केली. कायद्याचं राहू द्या, आपल्यालाही ते बघवत नाही. तेव्हा मोठ्या पातेल्यात बर्फाचा चुरा घालून शेवंड अर्धा तास त्यात पुरून ठेवावी. ती गारठून निपचित पडते. मग जाड सुरीचं टोक डोक्याच्या मधोमध दाबून पुढच्या बाजूला एका घावात चिरावं. हात कापत असेल तर मासेवालीकडूनच करून घ्यावं. त्यात कमीपणा नाही.

नंतर डोकं नि शेपटी पिळून वेगळी करावी. शेपटीतला काळा धागा काढायची युक्ती त्या मावशीचीच. शेवंडीचीच मिशी मोडायची, जाड बाजू शेपटीच्या टोकाच्या भोकातून आत सरकवायची नि फिरवून ओढायची. काट्यांना अडकून धागा सबंध बाहेर येतो. डोक्यातली डोळ्यांमागची पिशवी आणि पिसांसारखे कल्ले टाकून द्यावेत.

खारट उकळत्या पाण्यात शेपट्या दोन मिनिटं बुडवून काढाव्यात. मांस कवचापासून सुटतं आणि कवच लालभडक होतं. शाळेत मुली विचारतात, हिरवी शेवंड लाल कशी होते? लाल रंग तिच्या अंगात आधीपासूनच असतो. एका प्रथिनाने त्याला बांधून ठेवलेलं असतं. उष्णतेने ते बंधन तुटतं नि मूळचा रंग उघडा पडतो.

आता आठ ताटांचा हिशेब. शेपटीच्या खालून कात्रीने कापून मांस काढावं, सुपारीएवढे तुकडे करावेत, हळद-मीठ-आमसुलाचं पाणी लावून ठेवावं. कवच, डोकी, पाय फेकू नका, खरी चव तिथेच आहे. ते सगळं ठेचून, एक कांदा उभा चिरून, दहा वाट्या पाण्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं उकळावं आणि फडक्यातून गाळून घ्यावं.

एका नारळाचं ओलं खोबरं, दहा ब्याडगी मिरच्या, दीड चमचा धणे, सहा मिरी, आठ लसूणपाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं नि हळद असं गंधासारखं मऊ वाटण करावं. खोबरेल तेलावर कांदा परतून तीन हिस्से वाटण घालावं, त्यावर गाळलेलं पाणी नि पाच-सहा आमसुलं. उकळी आली की निम्मे तुकडे सोडावेत आणि पाच मिनिटांत खाली उतरवावं. अधिक शिजवलं तर शेवंडीचं रबर होतं. उरलेले तुकडे भरपूर ठेचलेल्या लसणावर, उरलेल्या वाटणासह चार-पाच मिनिटं परतून सुकं करावं. बरोबर तांदळाची भाकरी, भात, सोलकढी. आणि पानं भरलेली दिसावीत म्हणून तळलेला बांगडा. एक गोष्ट मात्र विसरू नका. कोळंबी-कुर्ल्यांनी कुणाच्या अंगावर पित्त उठत असेल, तर पाहुण्यांना आधीच विचारून ठेवा.

त्या दिवशी सुकं प्रत्येकाच्या वाट्याला चार-चार तुकडे आलं. कालवण मात्र टोपभर होतं, नि त्यात शेवंडीची सगळी चव उतरली होती. मामंजींनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. सासूबाईंनी आपल्या पानातला एक तुकडा गुपचूप त्यांच्या पानात सरकवला. मुलांनी लाल मिशा धुऊन वाळवल्या नि शाळेत दाखवायला नेल्या. अंडीवालीचा विषय कुणी काढला नाही.

रत्नागिरीला याल तेव्हा शेवंड घ्यायलाच हवी असं मी म्हणणार नाही. बांगड्यानेही सण होतो. पण घेतलीत तर पोट उलटं करून पाहून घ्या, हातात वजन तोलून घ्या, आणि कवचाचं पाणी कधीही मोरीत ओतू नका.