आजोबांचा मफलर

नाशिकची थंडी मोठ्यांना शिस्त लावते. दोन वर्षांच्या मुलाला मात्र ती एक नवे खेळणे वाटते. निफाडकडचे द्राक्षबागायतदार वेलींना थंडीचा तडाखा बसू नये म्हणून बागेत शेकोट्या पेटवून पहाट जागवतात. जागतो आम्हीही, फरक इतकाच की आमची वेल अंगावरचे पांघरूण लाथेने उडवत असते!

कानटोपी हा घरातला कायमचा वादविषय. चिरंजीवांच्या मते ती डोक्यासाठी नसून बटाटे ठेवण्यासाठी असते. स्वेटरात डोके अडकले की आतून हाक येते, "बाळ हरवलं!" खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठू लागते, हे शास्त्र झाले. बाटली पांढरी झालेली पाहून त्याने मात्र "तेल झोपलं" असा निर्णय दिला आणि तिच्यावर आपले दुपटे पांघरले. उन्हात तेल पातळ होताच टाळ्या पिटल्या, "उठलं!"

यंदा पावसाळ्यात माझे वडील गेले. त्यांचा मफलर आईने कपाटात जपून ठेवला होता. एके सकाळी तोच गळ्याभोवती गुंडाळून, हात पाठीमागे बांधून चिरंजीव ओटीवर अवतरले आणि हुबेहूब आजोबांसारखे खाकरले. आम्ही सारे स्तब्ध. आई क्षणभर पाहत राहिली. मग डोळ्यांना पदर लावून कित्येक महिन्यांनी मनापासून हसली.

"चहा टाकू का हो?" तिने नातवाला विचारले.

तेव्हापासून मफलर कपाटात नसतो. चिरंजीवांचा हात पोहोचेल अशा खुंटीवर असतो.