ठोक्याच्या मागून

जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांवरची खरखर काढून मूळ आवाज स्वच्छ करणं हे माझं काम. त्यांतल्या जॅझ गायिका बिली हॉलिडेचं नाव निघालं की माणसं हळहळतात. व्यसन, तुरुंग, ४४व्या वर्षी आलेला मृत्यू. मग तिचं सगळं गाणं त्या दुःखातूनच ऐकलं जातं. १९३५ ते १९३८मधल्या तिच्या तबकड्यांत मला मात्र आधी ऐकू येतो तो आनंद. आणि तो शब्दांपेक्षा लयीत आहे.

तिची पहिली तबकडी नोव्हेंबर १९३३ची. ध्वनिमुद्रण-निर्माता जॉन हॅमंडने तिला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ऐकलं आणि बेनी गुडमनच्या वाद्यमेळासोबत गायला बोलावलं. तेव्हा ती १८ वर्षांची होती. ‘युअर मदर्स सन-इन-लॉ’ या त्या गाण्यात पट्टी चढी आहे आणि आवाज ताणलेला. २ जुलै १९३५ला मात्र नूर पालटला. पियानोवादक टेडी विल्सनच्या नावाने ब्रन्सविक कंपनीसाठी ध्वनिमुद्रण होतं. साथीला मोजके, पण कसलेले वादक. दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. त्यात क्लॅरिनेट, ट्रम्पेट, पियानो सगळ्यांना वाटा हवा, म्हणून गायिकेलाही एखाद्या वाद्याइतकीच जागा मिळे. या तबकड्या मुख्यतः ज्यूकबॉक्ससाठी निघत आणि गाणी बहुतेक बाजारात नुकती आलेली, चार दिवसांची.

त्या दिवशीचं ‘व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू’ ऐकताना टेबलावर बोटाने ठोका धरा. गुडमनचं क्लॅरिनेट आधी सुसाट निघतं, मागे ढोल आणि बास धावत असतात. मग बिली येते आणि त्या धावपळीवर शब्द निवांत पसरते. आता ठोक्यावर पडेल असं वाटणारा शब्द पडत नाही. क्षणभर मागे रेंगाळतो आणि ओळ संपताना नेमका जागेवर येतो. ठेका सोडल्यासारखा करून समेवर हसत येणारा गवई ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हा खेळ वेगळा समजावून सांगायला नको. तिच्या आवाजाचा पल्ला सप्तकाहून थोडाच जास्त. त्यामुळे चालीतल्या उंच उड्या टाळून ती जवळच्या दोन-तीन सुरांतच ओळ म्हणे आणि चाल तिची होऊन जाई.

२५ जानेवारी १९३७ला लेस्टर यंग तिच्यासोबत प्रथम ध्वनिमुद्रणाला आला. ‘धिस इयर्स किसेस’मध्ये त्याचा सॅक्सोफोन आधी चाल मांडतो, मग ती गाते. दोघांचं बोलणं एकच: सावकाश आणि हलकं. त्याच वर्षीच्या जूनमधल्या ‘अ सेलबोट इन द मूनलाइट’मध्ये तो तिच्या ओळींच्या मागेमागे वाजवत राहतो, तिने सोडलेली जागा भरतो, पण तिच्या शब्दावर पाय देत नाही. ती त्याला ‘प्रेझ’ म्हणे, तो तिला ‘लेडी डे’.

या तबकड्या साफ करताना एक गोष्ट शिकलो. शब्दाच्या टोकाला ती सूर किंचित खाली सोडते, श्वासाइतका. खरखर जरा जास्त गाळली की तो सगळ्यात आधी जातो. म्हणून थोडी खरखर मी राहू देतो. बोट टेबलावर ठोका देत असतं आणि तो श्वास, ठोका उलटून गेल्यावर, पोचतो.