वहीतल्या खेळाचे संगीत

आम्ही दोघे भाऊ मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले. थोरला अजून तिथेच, अब्बांच्या शेजारी बसून लाकूड तासतो. धाकटा पुण्यात रेकॉर्डिंगच्या कामावर असतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून एका व्हिडिओ गेमचे संगीत केले. कुठला गेम, असे कुणी विचारले तर पंचाईत होते, कारण तो गेम नाहीच. तो धाकट्याच्या बारा वर्षांच्या मुलीच्या वहीत आहे. दोनशे पानी वही, त्यात नकाशे, किल्ले, राक्षस आणि एक मुकी नदी. कुणीतरी त्या नदीच्या चार तारा चोरल्या आहेत. खेळणाऱ्याने चार दरवाजे ओलांडून एकेक तार परत आणायची. चौथी तार चढली की नदी बोलू लागते. एवढीच गोष्ट.

"गेम मी मोठी झाल्यावर करीन," ती म्हणाली. "गाणी तुम्ही आत्ता करून ठेवा."

आम्हाला हसू आले, पण नाही म्हणवेना. कारण या वेडाचे मूळ आमच्याच बालपणात होते.

नव्वदच्या दशकात गल्लीत एका घरी टीव्हीला जोडायचा गेम आला. तासाला दोन रुपये. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची आणि परत बसवायची. आम्ही मारिओ खेळायचो. ते घर आमच्या कारखान्याला लागूनच होते. अम्मी ओरडायची, "ती टींटीं बंद करा रे!" अब्बा मात्र कानस चालवत ऐकत असत. एकदा म्हणाले, "चौघं वाजवतायत. दोघं गातायत, एक खाली खर्ज धरून बसलाय, आणि चौथा नुसती वाळू चाळतोय."

खूप वर्षांनी धाकट्याने त्या यंत्राची माहिती वाचली. जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या त्या यंत्रातल्या चिपला पाचच आवाज होते. दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, तो खालचे सूर धरायला. एक नुसत्या खरखरीचा, तो तालाला. पाचवा रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांसाठी होता, पण 1985 च्या मारिओत तो वापरलाच नव्हता. म्हणजे अब्बांनी मोजलेले चौघे बरोबर होते. भिंतीपलीकडून, कानशीच्या आवाजात.

त्या मारिओचे संगीत कोजी कोंडो यांचे. 1986 च्या 'लेजेंड ऑफ झेल्डा'चेही त्यांचेच. त्या खेळाच्या सुरुवातीला राव्हेल या फ्रेंच रचनाकाराचे 'बोलेरो' वाजवायचे ठरले होते. काम संपत आले तेव्हा कळले की राव्हेल 1937 साली वारले, पन्नास वर्षे पुरी व्हायला थोडा अवधी आहे, हक्क अजून शाबूत आहेत. कोंडोंनी एका रात्रीत नवी सुरावट बसवली. आज जगभर लोक ती गुणगुणतात. आम्हाला या गोष्टीत 1937 हे साल अडकून राहिले. त्याच साली उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब दक्षिणेत प्रवासात असताना गेले आणि त्यांना मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ दफन केले. उरुसात दरवर्षी त्यांच्या नावाने गाणे होते. रात्रभर ते ऐकत, पेंगत आम्ही मोठे झालो.

कामाला बसलो तेव्हा पहिली अडचण आली ती वेळेची. सिनेमाचे संगीत सोपे, प्रसंग किती मिनिटांचा ते ठरलेले असते. खेळात मूल एका दारापाशी दहा सेकंद थांबेल नाहीतर अर्धा तास. तेवढा वेळ तोच तुकडा फिरत राहायला हवा, आणि कंटाळा येता कामा नये. धाकटा म्हणाला, "लूप." थोरला म्हणाला, "आवर्तन म्हण की." दोघांचेही बरोबर होते.

दुसरी अडचण राक्षसाची. तो अचानक येतो. संगीत मधेच तोडून दुसरे लावले तर कानाला झटका बसतो. अमेरिकेत 1991 साली 'मंकी आयलंड' या खेळाच्या दुसऱ्या भागासाठी दोन संगीतकारांनी यावर एक पद्धत बसवली. प्रसंग बदलला तरी संगीत योग्य जागेपर्यंत थांबते आणि तिथून सफाईने वळते. थोरल्याला हे ऐकून नवल वाटले नाही. "समेवर ये म्हणायचं, दुसरं काय!" खरेच, तबलजी दुसरे काय करतो? पण हिशेब करावा लागला. मिनिटाला 120 मात्रांची लय धरली तर तीनतालाच्या सोळा मात्रांना आठ सेकंद लागतात. तेवढ्यात राक्षस मुलाला खाऊन मोकळा होईल. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन सेकंदांत फिरतात. म्हणून राक्षसाच्या दरवाजांना दादरा आणि नदीकाठच्या शांत भागाला तीनताल असे ठरले.

तिसरी अडचण गंधाराची. आमच्या घरात ती जुनीच. तंबोरा नीट लागला की षड्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. सप्तकाचे 1200 भाग केले तर तो 386 च्या जवळ असतो. कीबोर्डचा गंधार 400 वर बसवलेला. फरक चौदा भागांचा, पण दोन्ही एकत्र वाजले की दात आंबतात. शंभर वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल याच प्रश्नावर डोके फोडत होते. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनी श्रुतींची पेटी बनवून घेतली, खाँसाहेबांचे गाणे त्यासाठी तपासले. आम्हाला संगणकात आकडे बदलून भागले, पण खरा गंधार कुठे आहे हे सांगायला तंबोराच हवा होता.

आणि इथे आम्ही दोघेही गप्प झालो. तंबोरा रेकॉर्ड करायचा म्हणजे अब्बांना विचारायचे.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीची माणसे गल्लीत आली होती. त्यांनी अब्बांच्या चार तंबोऱ्यांची एकेक तार दोन दिवस रेकॉर्ड करून नेली. अब्बांनी त्यांना जेवू घातले, जवारी चारदा खोलून दिली. हाडाच्या घोडीवर कानस किती हलकी फिरवायची, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा कुठे सरकवला की आवाज उमलतो, सगळे दाखवले. हातात एक पाकीट मिळाले. पुढे ते आवाज संगणकात विकायला आले. त्यावर मिरजेचे नाव होते, बनवणाऱ्याचे नव्हते. त्याआधीच बेंगळुरूची इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी घरोघरी गेली होती, मग मोबाइल आला. आमच्याकडे महिन्याला चार तंबोरे होत, ते एकावर आले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा गल्लीत पेढे वाटले. अब्बांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "आता गिऱ्हाइकालाही कुणीतरी मानांकन द्या."

अशा माणसाला आम्ही परत माईक दाखवणार होतो. धाकटा दोन दिवस कारखान्याच्या दारात घुटमळत होता. शेवटी थोरल्याने विषय काढला.

अब्बांनी कानस बाजूला ठेवली. "मशीन में सांस कां हाय रे?" एवढेच म्हणाले. राग नव्हता त्यात. आम्हाला वाटले असता तर बरे झाले असते.

मग पोरगी वही घेऊन त्यांच्यासमोर बसली. मुकी नदी दाखवली, चार तारा दाखवल्या. अब्बा बराच वेळ पाने उलटत होते. "हा खेळ विकणार कोण?"

"कुणी नाही, दादा. अजून बनलाच नाही."

"मग खेळणार कोण?"

"मी."

अब्बांना आता उजव्या कानाने नीट ऐकू येत नाही. वय अठ्ठ्याहत्तर. जवारी लावताना ते तंबोऱ्याचा दांडा हनुवटीला टेकवतात आणि हाडातून ऐकतात. हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही, आम्हीही नाही. त्या दिवशी त्यांनी घरातला जुना तंबोरा काढला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, आजोबांनी निवडलेला. असराची नमाज झाल्यावर बसले ते मगरीबची अजान होईपर्यंत. दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे. शेवटी मान हलवली. आम्ही माईक लावला.

एकेक तार वेगळी घेतली. पंचम, मग जोडीच्या दोन तारा, शेवटी खर्ज. पहिल्या दरवाजानंतर फक्त पंचम वाजतो, दुसऱ्यानंतर जोडीतली एक तार येऊन मिळते, तिसऱ्यानंतर दुसरी. अकरा मिनिटांचे सगळे मिळून काम. आम्ही दोघांनी आयुष्यात एकत्र केलेले हे पहिलेच. एक गल्लीत राहिला आणि एक निघून गेला, यावरून आमच्यात बरीच वर्षे जे साचले होते, ते या तीन आठवड्यांत कुणी न उकरता निवळले.

तरी मनात एक बोच आहेच. ज्या आवाजाने अब्बांचे काम हिरावले, तसाच आणखी एक आवाज आम्ही संगणकात भरून ठेवला. ते गेल्यावर ही जवारी कुणाच्या हाताला येईल? थोरल्याचा हात आहे, पण तो स्वतःच म्हणतो, अजून केसभर कमी पडतो. आम्ही ती फाइल कुणाला दिलेली नाही.

पोरीने वहीच्या पहिल्या पानावर नावे लिहिली. सर्वांत वर अब्बांचे, पुढे कंसात 'तंबोरा आणि जवारी'. त्याखाली आम्ही दोघे. मग तिने दादांच्या डाव्या कानाला हेडफोन लावला आणि चौथ्या तारेचा तुकडा ऐकवला. डोळे मिटून त्यांनी तो पुरा ऐकला. आम्ही श्वास रोखून उभे होतो.

"जोडीतली दुसरी तार उतरलीये," अब्बा म्हणाले. "परत घ्या."

आता ईदला धाकटा मिरजेला येईल तेव्हा परत घ्यायचे आहे.