तंगी

मराठी शाळेतून थेट इंग्रजी कॉमर्सला आले आणि कॉस्टिंगने झोपच उडवली. मनातले बोलायला मैत्रीण मिळाली ती वर्गात नव्हे, आमच्या वडगावातल्या स्त्रीशक्ती संघात. कर्नाटक सरकारची ही योजना २०००-०१ सालची. दर शनिवारी १५ बायका ५०-५० रुपये जमवतात. दोन्ही भाषा येतात म्हणून वही माझ्याकडे. मागावर साडी विणणाऱ्या शेजारच्या अक्का मला ‘तंगी’ म्हणतात. कानडीत धाकटी बहीण, आपल्या मराठीत पैशाची चणचण! परीक्षेआधी छाती धडधडते म्हटले, तर म्हणाल्या, “हप्ता आला की माझीबी धडधडते. बस इथं, चहा घे.”

परवा त्यांच्या साडीचा खर्च मांडायला बसलो. सूत, रंग, वीज. स्वतःची मजुरी मात्र त्या धरूच देईनात. मी अजून भांडते आहे.