आमच्या होडीचें नवें यंत्र

आमचें घर दाभोळच्या खाडीकांठीं, वाशिष्ठी नदी जेथें अरबी समुद्रास मिळते तेथून जवळच आहे. वडिलांची होडी लहान. पाण्याच्या रेषेवर तिची लांबी सुमारें २० फूट. तिच्या मागील फळीस पेट्रोलवर चालणारें ५ अश्वशक्तीचें एक जुनें आउटबोर्ड यंत्र टांगलेलें असे. सुटीच्या दिवसांत आम्हीही वडिलांबरोबर मासेमारीस जात असूं.

गेल्या माघांतील अमावास्येची गोष्ट. तिसऱ्या प्रहरीं परततांना खाडीच्या मुखाशीं उधाणाची ओहोटी आडवी आली. पाणी वेगानें बाहेर जात होतें, वारा आंत येत होता, व दोहोंच्या झुंजींत आखूड, उंच लाटा उठत होत्या. यंत्र पूर्ण जोरानें चालूनही किनाऱ्यावरील एकच माड कितीतरी वेळ आमच्या समोरून हालेना! अखेर वडिलांनीं होडी आडोशास घेऊन नांगर टाकला, व भरती लागेपर्यंत आम्ही तेथेंच राहिलों. घरीं पोहोंचलों तेव्हां रात्र झाली होती. आई विजेरी घेऊन किनाऱ्यावर उभी होती. ती कांहींच बोलली नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं कौलांसाठीं सांठविलेले पैसे तिनें वडिलांपुढें आणून ठेविले.

अशा रीतीनें १० अश्वशक्तीचें यंत्र आमच्याकडे आलें. शक्ति दुप्पट, तेव्हां वेगही दुप्पट, असें गणित आम्हीं मनांत मांडलें होतें. प्रत्यक्षांत नाळ वर उचलली, मागील बाजू खालीं बसली, वेग जेमतेम वाढला आणि पेट्रोल मात्र जवळजवळ दुप्पट जळलें! आमची निराशा पाहून मेस्त्री हंसले. ते म्हणाले, चालतांना होडी स्वतःच एक लाट उठविते. २० फुटी होडीचा वेग ताशीं सुमारें ६ सागरी मैलांपर्यंत गेला, कीं ती आपल्याच लाटेच्या खळग्यांत अडकते. पुढची सारी शक्ति तो खळगा खोल करण्यांत खर्च होते. त्यांनीं मागील फळीस जाड आधार दिला, मासळीची पेटी पुढें सरकविली, आणि मोठ्या व्यासाचा पण कमी आट्याचा पंखा बसविला. कारण जड होडीस धांव नव्हे, रेटा हवा असतो. इ. स. १९०९ मध्यें अमेरिकेंत ओले एव्हिन्रूड यांनीं विक्रीस आणिलेलें यंत्र अवघें दीड अश्वशक्तीचें होतें, हें पुढें वाचनांत आलें तेव्हां आम्हांस आमच्या हांवेचें हंसूं आलें.

चैत्राच्या अमावास्येस तीच ओहोटी पुनः भेटली. होडी सावकाश, पण न थांबतां पुढें सरकली, आणि तो माड मागें पडला! एरवीं वडील यंत्र अर्ध्याच जोरावर चालवितात. आम्हीं एकदां कारण विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "अरे, जास्तीची शक्ति रोज उधळावयाची नसते; घरीं परतण्यासाठीं ती राखून ठेवावयाची असते."

बालमित्रांनो, परीक्षा तोंडावर आली म्हणजे आम्हांस हे शब्द आठवतात.

पावसाळ्यांत होडी शाकारून ठेविली, आणि आमचें घर मात्र दोन ठिकाणीं गळलें. आईनें तेथें पातेलीं मांडिलीं. तेव्हांही ती कांहीं बोलली नाहीं. पण तिच्या मुखावर समाधान होतें.