अण्णांची वही आणि पद्मिनी

वर्गात ‘अभिजात’ हा शब्द समजावून सांगताना मी एक ढोबळ व्याख्या देत असे: काळ उलटून गेल्यावरही जी आपल्या उपयोगी पडते, ती कृती अभिजात. आमच्या दारातल्या १९८६ सालच्या प्रीमियर पद्मिनीलाही मी हीच व्याख्या लावत आले. ती हौसेने झाकून ठेवलेली आणि मेळाव्यापुरती बाहेर काढलेली गाडी नव्हती. साताऱ्यात आमचे महाविद्यालय, मंडई, लेकीची शाळा, आईचा दवाखाना हे सारे तिच्यावरच चालत होते.

अण्णांनी ती १९९१ साली जुनी म्हणून घेतली, आणि त्याच दिवसापासून एक वही घातली. ‘ऑइल बदलले.’ ‘मागील डाव्या चाकाचे लायनर.’ ‘प्लग साफ. पॉइंट बदलले.’ प्रत्येक नोंदीपुढे तारीख आणि किलोमीटर. अण्णा गेले तेव्हा गाडीबरोबर वहीही माझ्याकडे आली. मी मराठीची प्राध्यापिका, यंत्रातले काही कळत नव्हते. ती वही वाचूनच मी ही गाडी शिकले.

पद्मिनी विश्वासू होती, हे आजही मी ठामपणे म्हणेन. इटालियन फियाट ११०० ही तिची मूळ जात. कुर्ल्याच्या कारखान्यात ती दशकानुदशके बनत राहिली. १,०८९ सीसीचे इंजिन, कार्बोरेटर, स्टिअरिंगला जोडलेला गिअर: सारे डोळ्यांना दिसणारे, हाताला लागणारे. अशा गाडीत बिघाड होतो तो बहुधा आधी वर्दी देऊन. आवाज बदलतो, सकाळी चोक जास्त ओढावा लागतो, गिअर किंचित अडखळतो. पेट्रोलमधल्या इथेनॉलचे प्रमाण वाढल्यावर रबरी पाइप तेवढे बदलून घ्यावे लागले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्याही वीस वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून.

पण ‘विश्वासू’ या विशेषणाच्या आडून ‘सुरक्षित’ हे दुसरे विशेषण आमच्या घरात केव्हा शिरले, ते कोणालाच कळले नाही. ‘पत्रा बघा कसा जाड आहे,’ असे येणारा प्रत्येक पाहुणा म्हणे, आणि आम्ही सुखावत असू.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरत होतो. मागे आई आणि नवरा, पुढे माझ्या शेजारी दहा वर्षांची लेक. चार-पाच वळणे गेली आणि लायनर जळल्याचा वास आला. पेडल दाबत होते, पण गाडी हवी तशी रोखली जात नव्हती. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. सतत दाबून ते तापले की ड्रम फुगतो, लायनरची पकड सुटत जाते. मी दुसरा गिअर टाकला. इंजिन कण्हले, गाडी हळू झाली, आणि एका रुंद जागी कशीबशी थांबली. थांबताना हिसका बसला, तेव्हा लेकीने दोन्ही हात समोरच्या डॅशबोर्डवर टेकवले. तिच्या अंगावर पट्टा नव्हता. नव्या गाड्यांना पुढचे पट्टे सक्तीचे झाले १९९४ साली. आमची गाडी त्याआधीची.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी चारही चाके उघडून पाहिली. म्हणाले, “ब्रेकात काही नाही ताई. चौघांचं वजन आणि तो उतार. एवढंच बळ आहे त्यांचं.”

दोष सापडला असता तर मला बरे वाटले असते. दोष वहीत लिहिता येतो, दुरुस्त करता येतो. मर्यादेचे काय करायचे?

मग मी वाचू लागले. अमेरिकेतील महामार्ग-सुरक्षेचे काम करणाऱ्या विमा संस्थेने २००९ साली १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मॅलिबू ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर धडकवल्या. ते चित्रीकरण मी पाहिले. जुन्या गाडीची आसनाची जागाच चेपून गेली. नव्या गाडीचे नाक चुरगळले, पण आतली पोकळी शाबूत राहिली. जुन्या गाडीतील माणूस मेला असता, नव्यातल्याच्या पायाला इजा झाली असती, असा निष्कर्ष निघाला. नव्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळण्यासाठीच घडवलेला असतो. धडकेचा जोर तो स्वतः पचवतो, माणसापर्यंत कमी पोहोचू देतो. जाड पत्र्याने हे साधत नाही. आणि योग पाहा: व्होल्वोचे अभियंते नील्स बोलिन यांचा तीन ठिकाणी बांधणारा पट्टा गाड्यांत आला तोही १९५९ सालीच. म्हणजे आमची पद्मिनी कुर्ल्याहून निघाली, तेव्हा हे ज्ञान पाव शतकाहून जुने झाले होते.

वही पुन्हा वाचली. अण्णांच्या एवढ्या नोंदींत माणसाच्या शरीराचा एकही उल्लेख नव्हता. ती यंत्राची वही होती. दर पाच वर्षांच्या पुनर्नोंदणीतही दिवे, ब्रेक, धूर पाहतात. धडक झाली तर आतल्याचे काय होईल, हे कोणी विचारत नाही. ‘इतक्या वर्षांत काही झाले नाही’ हा आमचा पुरावा. तो गाडीच्या गुणाचा होता की आमच्या नशिबाचा?

मिस्त्रींनी आतून जाड पट्टी जोडून पुढे पट्टे बसवून दिले. पट्ट्याचे बळ तो ज्या पत्र्याला अडकवला आहे त्या पत्र्याएवढेच, हे त्यांनीच सांगितले. तरी घरात वाद झाला. नवरा शांतपणे म्हणाला, “अण्णांची आठवण तू जप. पण तिला त्या आठवणीच्या पुढच्या सीटवर बसवू नकोस.” मला राग आला, कारण उत्तर नव्हते. त्या वर्षी आम्ही एअरबॅग असलेली एक साधी गाडी घेतली. पद्मिनी विकली नाही. मंडईला, महाविद्यालयाला मी एकटी तिच्यातून जाते, गावातल्या बेताच्या वेगाने.

वर्गातली व्याख्याही आता थोडी बदलली आहे. अभिजात कृतीवर प्रेम करावे, ती रोज हाताळावी. पण तिच्या काळाला जे ठाऊक होते किंवा ज्याची फिकीर नव्हती, त्याच्या आधारावर आपल्या मुलांचे आयुष्य बेतू नये. असो.

अण्णांच्या वहीत त्यांच्या शेवटच्या नोंदीपासून माझे अक्षर सुरू होते. घाटातल्या त्या दिवसाची तारीख आणि किलोमीटर घालून तिथे मी लिहिले आहे: ‘लायनर ठीक. घाटात न्यायची नाही. मुलीला बसवायचे नाही.’